अक्रोडाला आंबटाची साथ

जॉर्जियाच्या जेवणाची ओळख हल्ली बहुतेकांना एका फोटोतून होते. नावेच्या आकाराचा जाड पाव, त्याच्या पोटात रटरटणारं चीज, त्यावर अंड्याचा पिवळाधमक बलक आणि लोण्याचा तुकडा. ही अजारा प्रांतातली खाचापुरी. ती चविष्ट असते यात शंका नाही. पण तिच्यावरून या स्वयंपाकाचा अंदाज बांधला तर हाती फक्त चीज आणि मैदा लागतो. या स्वयंपाकाचा जीव आहे अक्रोडात, आणि अक्रोडाला तोलून धरणाऱ्या आंबटात. तिबिलिसीच्या जुन्या सोलोलाकी वस्तीत, विटांच्या कमानींच्या एका तळघरात, साध्या लाकडी टेबलावर जेवताना ही गोष्ट मला घासागणिक पटत गेली.

माझी भाची तिबिलिसीत वैद्यकीय शिक्षण घेते. भारतातून, अगदी आपल्या सांगली-नाशिककडूनही, तिथे शिकायला गेलेली पुष्कळ मुलं-मुली आहेत आणि शहरातल्या कुठल्या गल्लीत काय चांगलं मिळतं हे त्यांना पाठ असतं. मेनूकार्ड माझ्या हातून घेत ती म्हणाली, “मावशी, खाचापुरी शेवटी. आधी थंड पदार्थ येऊ देत. पोटात जागा असतानाच ते खायला हवेत.” तिचा हा क्रम मोलाचा ठरला. जॉर्जियन पद्धतीत एक पदार्थ संपला की दुसरा, असं वाढत नाहीत. थंड पदार्थ आधी मांडले जातात आणि ते शेवटपर्यंत टेबलावरच राहतात. गरम पदार्थ येतात तेव्हा बशा एकमेकींवर रचून जागा करतात. त्यामुळे कुठलाही घास एकटा नसतो. शेजारच्या बशीतलं काहीतरी त्याच्या सोबतीला असतंच, आणि या जेवणाची गोडी त्या सोबतीतच आहे.

पहिल्यांदा आली प्खाली. पालक, बिटाचा पाला, कोबी अशा भाज्या वेगवेगळ्या उकडायच्या, मुठीत घट्ट पिळून त्यांचं पाणी काढायचं, बारीक चिरायच्या आणि अक्रोडाच्या वाटणात मळायच्या. वाटणात लसूण, हिरवी कोथिंबीर, धणे आणि व्हिनेगर. मग त्याचे गोळे वळून वर डाळिंबाचे दाणे. वाचायला साधं वाटतं, पण सगळं कसब पिळण्यात आहे. भाजीत पाणी राहिलं की अक्रोड पातळ होतो, गोळा बशीत पसरतो आणि चव मिळमिळीत होते. आमच्या बशीतला पालकाचा गोळा काट्याने मोडला तेव्हा कडा स्वच्छ राहिल्या, बशीला थेंबभर पाणी सुटलं नव्हतं. तोंडात आधी पाल्याचा मातकट हिरवेपणा आला, मागोमाग अक्रोडाचा स्निग्धपणा, मग लसूण. आता हे जड होणार असं वाटतं न वाटतं तोच दाताखाली डाळिंबाचा दाणा फुटला आणि सगळं उजळून निघालं. ते दाणे शोभेला टाकलेले नसतात. ते वगळून एक घास घेऊन पाहा; गोळा तोच असतो, पण चव अर्धवट थांबते.

आपल्याकडे देशावर दाण्याचं कूट जे काम करतं, ते तिथे अक्रोड करतो: भाजीला अंग देतो, रस्सा दाट करतो, साध्या पाल्याला पोटभरीचा करतो. मात्र आपण दाणे भाजून घेतो आणि त्यांचा खमंगपणा वापरतो. जॉर्जियन गृहिणी अक्रोड बहुधा कच्चाच वाटते. म्हणून त्याचं दूध-तेल टिकतं आणि सालीचा किंचित तुरट-कडूपणाही राहतो. स्निग्ध आणि तुरट अशा या दोन्ही गोष्टींवर उतारा एकच, तो म्हणजे आंबट. म्हणूनच तिथे अक्रोड जवळपास कधीच एकटा येत नाही. व्हिनेगर, डाळिंब, आंबट प्लम, कच्ची द्राक्षं यांपैकी कुणीतरी त्याच्यासोबत असतंच.

अक्रोडाला इतका मान का, याचं एक कारण जमिनीत आहे आणि दुसरं धर्मात. तिथल्या डोंगरउतारांवर अक्रोडाची झाडं मुबलक आहेत. शिवाय जॉर्जियन ऑर्थोडॉक्स चर्चचे उपवास पुष्कळ. ईस्टरआधीचा मोठा उपवास, नाताळाआधीचा उपवास, शिवाय वर्षभरातले बहुतेक बुधवार आणि शुक्रवार. या दिवसांत मांस, अंडी, दूध, चीज सगळं वर्ज्य. मग अंगात ताकद राहायची कशी? अक्रोडातून आणि घेवड्यातून. रेस्टॉरंटमध्ये आजही अशा पदार्थांना ‘सामारख्वो’ म्हणतात आणि त्यांची वेगळी यादीच असते. शाकाहारी माणसाला जॉर्जियात उपाशी राहावं लागेल ही भीती आपल्याकडे ऐकू येते. हा एक शब्द पाठ केला तर ती उरत नाही.

बद्रिजानीत म्हणजे वांग्यात हेच वाटण पुन्हा येतं, पण चाल वेगळी. वांग्याचे लांब पातळ काप तळून त्यांच्यावर अक्रोडाचं वाटण पसरतात आणि गुंडाळी करतात. तळलेलं वांगं आणि अक्रोड, दोन्ही तेलकट. इथे स्वयंपाक्याची परीक्षा असते. व्हिनेगर कमी पडलं तर दुसऱ्या गुंडाळीला हात जात नाही. आमच्याकडे आलेल्या बद्रिजानीत ते नेमकं होतं. नाकाला कळत नव्हतं, जिभेच्या कडांना कळत होतं. वांग्याचा काप मऊ असूनही फाटला नव्हता, म्हणजे तळण्याआधी मीठ लावून त्याचं पाणी काढलेलं असणार. या बशीला मी त्या दिवशीच्या जेवणातला सर्वांत सुरेख पदार्थ म्हणेन.

सात्सिवीबद्दल मात्र तसं म्हणवत नाही. हा मानाचा पदार्थ. नववर्षाला घरोघरी होतो, मूळचा टर्कीचा, आता बहुतेक ठिकाणी कोंबडीचा. शिजवलेलं मांस अक्रोडाच्या दाट, पिवळसर रश्श्यात बुडवून थंड वाढतात. रश्श्यात दालचिनी आणि लवंगेचा हलका वास असतो. जुन्या पद्धतीत वाटलेला अक्रोड हाताने मळत मळत त्याचं तेल सोडवतात, ते बाजूला काढून ठेवतात आणि वाढताना रश्श्यावर सोनेरी ठिपक्यांसारखं सोडतात. आमच्या वाडग्यात ते तेल नव्हतं, त्याची उणीव मला जाणवली. रस्सा मऊ आणि गुळगुळीत होता, पण अक्रोड बहुधा जुना असावा. शेवटी जिभेवर खवट कडा उरत होती. अक्रोडावर उभ्या असलेल्या स्वयंपाकात अक्रोडाचं ताजेपण हीच पहिली कसोटी, आणि तिथे मसाल्याने सारवासारव करता येत नाही. शरद ऋतूत, नवा अक्रोड बाजारात आला की सात्सिवी खावी असं जाणकार सांगतात ते उगाच नाही.

मसाल्यांची गोष्ट निघालीच आहे तर तिबिलिसीच्या रेल्वे स्टेशनजवळच्या देझेर्तेर बाजाराबद्दल सांगायलाच हवं. तिथे पिवळ्या पावडरीचे ढीग इमेरेती प्रांताच्या नावाने, ‘इमेरेतीचं केशर’ म्हणून विकायला असतात. जवळ जाऊन वास घेतला तर ओळख पटते: झेंडू! वाळवलेल्या पाकळ्यांची पूड. आपण ज्याची दसऱ्याला तोरणं बांधतो तो झेंडू तिथे सात्सिवीत, घेवड्यात, सरसकट वापरतात. त्याने रंग येतोच, पण मातीसारखी, किंचित कडसर अशी एक खोल चवही येते. दुसरा मसाला म्हणजे निळ्या फुलांच्या मेथीच्या वाळवलेल्या शेंगा आणि दाणे. आपल्या मेथीचीच ही बहीण, पण कडूपणा जवळजवळ नाही आणि वास मात्र पुरता मेथीचा. धणे, झेंडू आणि ही मेथी ही तीन नावं लक्षात ठेवली की जॉर्जियन स्वयंपाकघरातला निम्मा सुगंध उलगडतो. स्वानेतीच्या उंच डोंगरात हेच मसाले लसूण आणि मिरचीसह मिठात कुटून ठेवतात; ते स्वान मीठ नुसत्या उकडलेल्या बटाट्यावर भुरभुरलं तरी पुरतं.

लोबिओ आलं मातीच्या मडक्यात. राजम्यासारखा लाल घेवडा, अर्धा सबंध, अर्धा चमच्याच्या पाठीने घोटलेला, वर कोथिंबीर. सोबत म्चादी, म्हणजे मक्याच्या पिठाची, यीस्ट न घालता तव्यावर भाजलेली जाड भाकरी. आणि जोंजोली. या जोंजोलीसाठी वाचकाचं लक्ष मला थोडं जास्त हवं आहे. ही एका जंगली झुडपाच्या न उमललेल्या कळ्यांची देठं. वसंतात तोडून मिठात आंबवतात. वर कांद्याच्या चकत्या आणि थोडं तेल. चव आंबट, खारट, किंचित कडवट, आणि दाताखाली कुरकुरीत. लोबिओ एकटं खाल्लं तर मऊपणाने पाच-सहा घासांत कंटाळा येतो. म्चादीचा तुकडा मोडायचा, त्यावर चमचाभर घेवडा, त्यावर जोंजोलीच्या दोन काड्या, असा घास केला की मडकं कधी रिकामं होतं कळत नाही. मऊ, कोरडं, कुरकुरीत. गोडसर, मातकट, आंबट. एवढ्याशा घासात सहा गोष्टी आहेत आणि त्यांतली एकही महाग नाही.

मका आणि घेवडा दोन्ही अमेरिकेतून आलेले. त्याआधी पश्चिम जॉर्जियात राळ्याची घट्ट पेज शिजवत. तिला घोमी म्हणत, आणि राळ्यालाही त्यांच्या भाषेत तेच नाव. पुढे मक्याने राळ्याची जागा घेतली, पण पेजेचं नाव घोमीच राहिलं. सामेग्रेलो प्रांतात आजही ती बिनमिठाची शिजवतात आणि तिच्या पोटात सुलुगुनी चीजचे तुकडे खुपसून देतात. देश लहान आहे, क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या पाव हिश्श्याहूनही कमी. तरी मधल्या लिखी डोंगररांगेच्या अलीकडे-पलीकडे ताट बदलतं. पश्चिमेला काळ्या समुद्राची दमट हवा, मका, अक्रोड, मिरची. पूर्वेला कोरडी हवा, गहू, द्राक्षं, मेंढीचं मांस. तिबिलिसी पूर्वेला असली तरी राजधानी असल्यामुळे तिच्या टेबलावर दोन्ही बाजू एकत्र येतात.

आता त्केमाली. ही वाटीभर चटणी जवळजवळ प्रत्येक टेबलावर दिसते आणि नवखा माणूस हमखास तिच्याकडे दुर्लक्ष करतो. रानटी आंबट प्लम उकडून, गाळून, त्यात लसूण, कोथिंबीर, शेपू, मिरची आणि ओंबालो नावाचा एक तिखट वासाचा पुदिना घालतात. वसंतात कच्च्या फळांची हिरवी त्केमाली होते, उन्हाळ्यात पिकलेल्या फळांची लाल. हिरवी जास्त धारदार, लाल थोडी गोडसर. भाजलेल्या मांसासोबत, तळलेल्या बटाट्यांसोबत, कोंबडीसोबत ती घेतात. त्याच आंबट प्लमचा गर पातळ पसरून उन्हात वाळवतात. त्याच्या कातड्यासारख्या पोळीला त्क्लापी म्हणतात आणि हिवाळ्यात खार्चोच्या रश्श्याला आंबटपणा तिच्यातून मिळतो. वसंतातल्या चाकापुलीत तर कोकराचं मांस, टॅरागॉनचे भारे, पांढरी वाइन आणि कच्चे हिरवे प्लम एकाच पातेल्यात शिजतात. आंबटाची एवढी जाण असलेला स्वयंपाक मी फारसा पाहिलेला नाही. लिंबू पिळून काम भागवत नाहीत. प्रत्येक ऋतूचं आणि प्रत्येक पदार्थाचं आंबट वेगळं.

खिन्काली या सगळ्याला अपवाद आहे, आणि म्हणूनच ती मला आवडली. उत्तरेच्या डोंगरातला, फ्शावी-खेवसुरेतीकडच्या मेंढपाळांचा हा पदार्थ. तिबिलिसीहून रशियाच्या सीमेकडे जाणाऱ्या जुन्या लष्करी रस्त्यावरचं पासानाउरी गाव तिच्यासाठी नावाजलेलं आहे. कणीक पाण्यात घट्ट भिजवून जाडसर पारी लाटायची, खिम्यात कांदा आणि थोडं पाणी घालून ते भरायचं, चुण्या घालत वर देठासारखी गाठ वळायची आणि उकळत्या पाण्यात सोडायची. खिम्यातल्या पाण्याचा आणि चरबीचा आत रस्सा होतो. खायची रीत ठरलेली आहे. काटा-चमचा लावायचा नाही. गाठीला धरून उलटी करायची, कडेला लहान चावा घ्यायचा, आधी रस्सा ओढून घ्यायचा आणि मग बाकीची खायची. गाठ बशीत ठेवायची. ती जाड असते, नीट शिजत नाही, आणि शेवटी कुणी किती खाल्ल्या त्याचा हिशोबही त्या गाठींवरून होतो. चुण्या जितक्या जास्त आणि एकसारख्या, तितका हात सराईत. एकोणीस चुण्यांची खिन्काली उत्तम, असं म्हणतात.

इथे ना अक्रोड, ना आंबट. फक्त मांस, कांदा, कणीक आणि वरून भरडलेली काळी मिरी. शहरी खिन्कालीत कोथिंबीर घालतात. डोंगरातल्या जुन्या पद्धतीत हिरवं फारसं नसतं आणि मला तीच जास्त रुचली. भाचीने मशरूमच्या मागवल्या होत्या. चवीला वाईट नव्हत्या, पण खिन्कालीचं सगळं सुख त्या पहिल्या घोटात असतं आणि मशरूमच्या पोटातून तेवढा रस्सा निघत नाही. खिन्कालीवर त्केमाली मागू नका. तिथले लोक तसं करत नाहीत, आणि मिरीचा सरळ तिखटपणा आंबटाखाली खरोखरच दबून जातो.

खाचापुरी शेवटी आली. आम्ही दोन मागवल्या होत्या. एक इमेरेतीची: गोल, चपटी, आत ताज्या पांढऱ्या चीजचा थर. घरोघरी होणारी हीच. ती तिथल्या जगण्यात इतकी मुरलेली आहे की तिबिलिसीतली अर्थशास्त्राची एक संस्था पीठ, चीज, दूध, अंडी, लोणी आणि इंधन धरून एका इमेरेती खाचापुरीचा खर्च मोजते आणि त्यावरून महागाईचा अंदाज देते. चांगल्या इमेरेती खाचापुरीत पावाचा थर पातळ असतो आणि चीजला स्वतःचा किंचित आंबूसपणा असतो. मऊ, खारट आणि दह्यासारखं आंबूस. इथेही आंबट आहेच, फक्त दडलेलं.

दुसरी ती फोटोतली अजारी. वाढल्याबरोबर बलक आणि लोणी चीजमध्ये ढवळून घ्यायचं, नावेची टोकं तोडायची आणि आत बुडवून खायची. पहिले चार घास अप्रतिम. पुढे मात्र चीज, बलक, लोणी यांच्या एकसुरी दाटपणाला उत्तर द्यायला त्या बशीत कुणीच नाही. एकट्याने एक सबंध खाऊ नये. टेबलावर चौघं असतील, शेजारी जोंजोली आणि ताज्या पाल्याची ताटली असेल, तर तिचं खरं सुख मिळतं.

जेवणासोबत अंबरासारख्या रंगाची वाइन होती, काखेती प्रांतातली, र्कात्सितेली द्राक्षांची, क्वेव्रीत मुरवलेली. क्वेव्री म्हणजे जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले मातीचे मोठे रांजण. त्यांना आतून मेण लावतात. पांढऱ्या द्राक्षांचा रस साली, बिया आणि देठांसकट त्यांत भरतात, तोंड मातीने लिंपतात आणि वसंतापर्यंत महिनोन्‌महिने तसंच ठेवतात. या पद्धतीला युनेस्कोने 2013 मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. तिबिलिसीच्या दक्षिणेकडच्या वसाहतींत सापडलेल्या खापरांवरचे द्राक्षवाइनचे अंश सुमारे 8000 वर्षं जुने असल्याचं 2017 मध्ये प्रसिद्ध झालं. सालींमुळे या वाइनला चहासारखा तुरटपणा येतो. ती नुसती प्यायली तर पहिल्या घोटाला खरखरीत लागते. अक्रोडाच्या वाटणानंतर घोट घेतला की जिभेवरचा तेलकटपणा धुऊन निघतो आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. रशियाने 2006 मध्ये जॉर्जियन वाइनवर बंदी घातली, ती 2013 पर्यंत टिकली. त्या काळात तिथल्या द्राक्षबागाईतदारांना नवी गिऱ्हाइकं शोधावी लागली आणि क्वेव्रीची वाइन दूरदूरच्या देशांत पोचली. ज्यांना वाइन चालत नाही त्यांनी टॅरागॉनचं हिरवंगार सरबत मागवावं. बडीशेपेच्या अंगाने जाणारा त्याचा वास या जेवणाला शोभतो.

हा स्वयंपाक घराघरातून आईकडून मुलीकडे आला, पण त्याला लिहून ठेवणारी बाईही लवकर भेटली. बार्बारे जोर्जाद्झे ही कवयित्री, स्त्रियांच्या हक्कांसाठी लिहिणारी लेखिका. तिचं पाककृतींचं पुस्तक 1874 मध्ये निघालं. तिबिलिसीत त्या पुस्तकावर चालणारं एक रेस्टॉरंट आहे. पुस्तकाबाहेर हा स्वयंपाक भेटतो मोठ्या मेजवानीत, म्हणजे जॉर्जियन सुप्रात. तिथे तामादा, म्हणजे मेजवानीचा सूत्रधार, उठून पूर्वजांसाठी, पाहुण्यांसाठी, गेलेल्यांसाठी लांबलचक शुभेच्छा देतो आणि त्या संपेपर्यंत कुणी पेला उचलत नाही. आमच्या शेजारच्या टेबलावर असंच एक कुटुंब बसलं होतं. त्यांच्यासमोर बशांवर बशा होत्या, आणि त्यांतल्या निम्म्या बशांत पालेभाज्या आणि अक्रोड.

जॉर्जियन रेस्टॉरंटमध्ये पहिल्यांदा जाल तेव्हा निदान तिघं-चौघं मिळून जा. पालकाची आणि बिटाच्या पाल्याची प्खाली, बद्रिजानी, म्चादी आणि जोंजोलीसकट लोबिओ, आणि एक इमेरेती खाचापुरी एवढं मागवा. मांसाहारी असाल तर मटणाची किंवा बीफची खिन्काली घ्या आणि ती गरम असतानाच खा. अजारी खाचापुरी दुसऱ्या भेटीसाठी ठेवा. आणि त्केमालीची वाटी आपणहून आली नाही तर आवर्जून मागून घ्या.